'सगळं विसरले' असं लिहू नका

मराठीत 'आईने लेकीचं बाळंतपण केलं' असं म्हणतात. 'डॉक्टरांनी डिलिव्हरी केली' असंही म्हणतात. जिच्या पोटातून मूल बाहेर आलं तिच्या वाट्याला मात्र 'झाली' हे क्रियापद येतं. ती बाळंत झाली, मोकळी झाली, तिची सुटका झाली, तिला मुलगा झाला. तिला कर्ता करणारं एक जुनं, सरळ क्रियापद भाषेत आहे: 'व्याली'. ते आपण गाई-म्हशींसाठी राखून ठेवलंय. बाईला लावलं तर शिवी होते. 'तिने जन्म दिला' हे वाक्यही आहे, पण ते पुस्तकात आणि सत्काराच्या भाषणात. घरात असं कुणी बोलत नाही.

भाषेच्या सवयी हुकूम काढून बदलत नाहीत, आणि तसा माझा आग्रहही नाही. पण हीच सवय आपल्या साहित्यात उतरली आहे. तिथे तरी तिला जाब विचारायला हवा.

बाळंतिणीच्या खोलीत लिहिण्याचं साहित्य नसतं असं नाही. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. बंगाल-बिहारात हा लेखनाचा कार्यक्रम सहाव्या रात्री असतो. दवाखान्यात केसपेपर असतो: कितवी खेप, जिवंत मुलं किती, टाके किती. पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर बाळाचे ठोके, कळांची संख्या, गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं याची ठरावीक वेळाने नोंद करायची असते. देवी लिहिते, नर्स लिहिते, डॉक्टर लिहितात. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिच्याकडून फक्त सही किंवा अंगठा घेतात.

खोलीबाहेर पंडित लिहितात. एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित सांगतं की विद्वानाचे कष्ट विद्वानालाच कळतात, जशा वांझेला प्रसूतीच्या वेणा कळत नाहीत. म्हणजे वेणांचा उल्लेख कशासाठी, तर पंडिताच्या श्रमाचं मोल वाढवण्यासाठी. जाता जाता एका बाईला हिणवूनही झालं. ही उपमा आजही जोरात आहे. कवितासंग्रहाच्या मनोगतात कवीला 'प्रसववेदना' होतात, कादंबरीकाराला नऊ वर्षं 'सृजनाच्या कळा' येतात, आणि कुणालाही ते खासगी किंवा बीभत्स वाटत नाही. खऱ्या कळांवर कुणी लिहिलं की मात्र संपादकांना अचानक औचित्य आठवतं.

माझ्याही बाबतीत हे घडलं. माझ्या लेखात एक वाक्य होतं की मुलगी पहिल्यांदा माझ्या हातात दिली तेव्हा मला झोप हवी होती, ती नको होती. लेख स्वीकारला गेला, ते वाक्य गळालं, आणि 'शेवट थोडा उजळ करता येईल का' अशी सूचना आली. उजळ शेवट कोणता ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे: बाळाचं तोंड पाहिलं आणि सगळं विसरले.

माझं भांडण या वाक्याशी आहे. कुणी खरोखर विसरली असेल तर तिने तसं जरूर लिहावं. पण प्रत्येकीने शेवटी हेच म्हणायचं, अशी रीत पडली की ते वाक्य पावती होतं. भरून पावले, आता तक्रार नाही, हिशेब मिटला. कोण ओरडलं, कुणी न विचारता कापलं, कुणी तासन्तास घोटभर पाणीही दिलं नाही, हे सगळं त्या एका 'विसरले'खाली पुरलं जातं. ज्या बाईचं मूल जगलं नाही, तिच्याजवळ तर ही पावती लिहायला तोंडही उरत नाही, म्हणून तिचं बाळंतपण साहित्यात जवळजवळ येतच नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मूल दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरकीच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला, तोही हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचं ते बाळंतपण मात्र चरित्रातून, कादंबरीतून, चित्रपटातून, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

'हे वैयक्तिक आहे' असा आक्षेप येतो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ या एका दिवसासाठी बखरी झाल्या, कादंबऱ्या झाल्या, नाटकं झाली. जखमा वैयक्तिक म्हणून कुणी नाकारल्या नाहीत. आठ दिवसांच्या युरोप सहलीवर तीनशे पानं लिहिली तरी तो वाङ्मयप्रकार ठरतो. 'हे तर सगळ्याच बायकांना होतं, त्यात नवीन काय' असा दुसरा आक्षेप येतो. मरणही सगळ्यांनाच येतं. त्यावरच्या कविता छापणं अजून कुणी थांबवलेलं नाही.

आणि सगळ्यांना 'तेच' होतं हेही खोटं आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. लिहिलेलं त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. महारवाड्यातलं बाळंतपण त्यात आहे: अर्धपोटी पोरी, सुईणींचे अडाणी हात, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नसणं. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडीचं बाळंतपण हेच मराठी बाळंतपण, असं मानून बसलेल्या वाचकाला तिथे जात दिसते. बंगालीत त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, चोरून वाचायला शिकलेल्या राससुंदरी देवींनी 'आमार जीबन'मध्ये आपल्या बारा बाळंतपणांची वयं मांडली: पहिलं अठराव्या वर्षी, शेवटचं एक्केचाळिसाव्या. तेवीस वर्षं. एवढी आकडेवारीसुद्धा साध्वी गृहिणीच्या चित्राला तडा द्यायला पुरते.

तिसरा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण तो मैत्रिणींकडून येतो. असं लेखन शेवटी मातृत्वाचाच देव्हारा उंच करतं. ज्यांना मूल नको किंवा होत नाही, त्यांना पुन्हा बाहेर ठेवतं. देव्हारा उंच होतो तो वेदनेला पुण्य ठरवणाऱ्या लेखनाने. वेदनेला वेदना म्हणणारं, टाके, रक्त, लघवीची नळी, रात्रपाळीच्या आयाची दया किंवा तिची शिवी यांना नावानिशी नोंदवणारं लेखन तो देव्हारा उतरवतं. 'बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म' ही म्हण सांगणारे तिथे आधीचं मरण असतं हे सोयीने गाळतात. ते मरण वाचलेली मुलगी 'मला हे नको' हे जास्त ठामपणे म्हणू शकेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातली जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. खासगी दवाखान्यांत ४७ टक्के सिझेरियन, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. एवढं मोठं स्थलांतर, घरातून दवाखान्यात, आपल्या एका-दोन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. त्यात जीव वाचले, हे नि:संशय. पण कळा देणाऱ्या बाईला 'तेव्हा बरी लाज वाटली नाही' असं सुनावणारी लेबर रूमही त्यातच आली. तिचं वर्णन अहवालांत सापडतं; कथा-कवितेत किती सापडतं? केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याचा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पार्टोग्राफच्या जागी जो नवा तक्ता सुचवला, त्यात सोबतीला कुणी होतं का, प्यायला दिलं का, वेदना कमी करायला काही केलं का, याचे रकाने आहेत. सरकारी छापील कागदाने जे विचारायला सुरुवात केली, ते साहित्याने अजून विचारू नये?

या अंकात मराठीशेजारी इतर भाषा आहेत, म्हणून मागणी सगळ्यांपुढे ठेवते. संपादकांनी असं लेखन महिला-विशेष पानावर न ढकलता कथा-निबंधांच्या रांगेत छापावं, आणि शेवट उजळ करायला सांगू नये. अनुवादकांनी ते एका भाषेतून दुसरीत न्यावं. आपल्याकडे जे बोलायचं नाही ते शेजारच्या भाषेत आधीच कुणी बोलून गेलेलं असतं. आणि लिहिणारीने बाळ रडल्यावर लेख संपवू नये. त्यानंतरचे टाके, ताप, दूध न येणं, माहेरची रात्र, सासरचा निरोप हेही बाळंतपणच आहे. आठवतं तेवढं सगळं लिहा.