सायकल मार्ग आधी करारात आखला जातो

पहाटे साडेचारला माझे अब्बा बेकरीत पोहोचायचे. सायकलच्या कॅरियरला पावाची मोठी पेटी बांधून सातच्या आत चहाच्या टपऱ्या, खानावळी आणि चाळी उरकायचे. वीस वर्षं हे चाललं. आम्हा तिन्ही भावंडांचं शिक्षण त्या सायकलवर झालं.

म्हणूनच माझ्या हातून झालेली एक चूक सांगताना मला संकोच वाटतो. मी स्थापत्य अभियंता आहे. एका शहरात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी मार्ग आखला जात होता, तेव्हा त्या कामावरच्या सल्लागार कंपन्यांचे करार आणि बिलं माझ्या टेबलावर होती. पहिल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. आमच्यासारख्याच एका वस्तीतून जाणाऱ्या टप्प्याबद्दल त्यात लिहिलं होतं, ‘सायकलस्वारांची संख्या नगण्य.’ मोजणी दोन दिवस झाली होती, सकाळी दहा ते दुपारी एक. त्या वेळी पाववाला, दूधवाला आणि रात्रपाळीचा वॉचमन घरी झोपलेले असतात.

मी करार काढून वाचला. मोजणी कोणत्या वेळी करायची, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. म्हणजे कंपनीने कराराबाहेर काहीच केलं नव्हतं. मी बिलावर सही केली. पुढे त्या ‘नगण्य’ शब्दाच्या आधारे वस्तीतला टप्पा मागे पडला आणि बागेजवळचा टप्पा आधी घेतला गेला.

मित्रांनो, त्या सहीने मला जे शिकवलं ते तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे. रस्ता कुठून जाणार, कोणासाठी होणार आणि त्यात कोणाची अडचण मोजली जाणार, हे बऱ्याच अंशी सल्लागाराच्या करारात ठरतं. जेसीबी येतो तो फार नंतर. आपण मात्र बहुतेक वेळा जेसीबीसमोरच उभे राहतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा चालण्याचा आणि सायकलचा मार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली. जलवाहिनीलगतची घरं न्यायालयाच्या आदेशानंतर, वाहिनीच्या सुरक्षेसाठी हटवली जात होती. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पुन्हा बांधकामं होऊ नयेत, हाही या मार्गाचा एक हेतू होता. कल्पना म्हणून त्यात वाईट काही नाही. पण हटवलेल्या कित्येक कुटुंबांना माहुलला पाठवण्यात आलं. तिथल्या हवेच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच गंभीर निरीक्षणं नोंदवली होती. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, या कुटुंबांवर माहुलची सक्ती करता येणार नाही असं सांगत, पर्यायी घर नसेल तर महिन्याला १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश दिला.

लोक गेले कुठे, हा प्रश्न एका फाइलमध्ये आणि मार्गाची रुंदी किती, हा दुसऱ्या फाइलमध्ये राहिला, की असंच होतं. आराखडा काढणाऱ्याला रेषेचे पैसे मिळतात. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दल विचारण्याचं काम त्याच्या कार्यकक्षेत लिहिलेलं नसेल, तर तो ते का करेल?

आता करार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. महापालिका आधी कार्यकक्षा लिहिते, म्हणजे सल्लागाराने काय काय करायचं त्याची यादी. मग निविदा निघते. निवड अनेकदा गुणवत्ता आणि दर या दोन्हींना गुण देऊन होते. काम मिळाल्यावर पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: प्रारंभिक अहवाल, सर्वेक्षण, मसुदा, सविस्तर प्रकल्प अहवाल. ज्या टप्प्याला पैसे आहेत, त्याच टप्प्यावर कंपनीची माणसं धावतात. त्यामुळे नागरिक म्हणून आग्रह धरायचा तो इथे.

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. पहिली, मोजणीची वेळ करारात लिहिलेली हवी. पहाट, शाळा भरण्याची वेळ, संध्याकाळ, बाजाराचा दिवस. दुसरी, एक हप्ता तरी वस्तीतल्या लोकांबरोबर प्रत्यक्ष चालून केलेल्या पाहणीला आणि तिथे झालेल्या बैठकीला बांधलेला हवा. बैठक नाही तर हप्ता नाही. तिसरी, निविदेत ज्या अनुभवी नियोजनकाराचं नाव दाखवून गुण मिळवले, तोच माणूस कामावर हवा. काम मिळालं की तो गायब होतो आणि काल पास झालेला मुलगा नकाशे काढत बसतो, हे मी पाहिलं आहे. बदली माणूस दिला तर बिलातून कपात व्हायला हवी. चौथी, सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीवर नसावी. खर्च वाढला की फी वाढणार असेल, तर चार झाडं आणि रंगाचा पट्टा पुरेसा असतानाही काँक्रीट सुचवलं जाणार.

फेरीवाल्यांचंही तसंच आहे. नकाशावर त्यांच्या जागी बहुतेक वेळा ‘अडथळा’ असं लिहिलेलं असतं. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. मग हे सर्वेक्षण झालं आहे का, हे तपासण्याची जबाबदारी सल्लागाराच्या कार्यकक्षेतच का नसावी? भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी. ती राखून ठेल्यांना जागा कशी देता येईल, हे शोधणं हेच तर नियोजनकाराचं काम आहे.

काही मित्र म्हणतात, ‘आपल्या मोहल्ल्यात पाण्याची बोंब, गटारं उघडी, आणि तू सायकल मार्गाचं काय घेऊन बसलीस?’ प्रश्न रास्त आहे. पण आपल्या वस्तीत पायी कोण चालतं, ते एकदा मोजा. शाळेला जाणाऱ्या मुली, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या नानी, कारखान्यातून परतणारा कामगार. गाडी नसलेल्या माणसासाठी पदपथ ही चैन नाही. आणि पाण्याची, गटाराची, शाळेच्या इमारतीची कामंही अशाच निविदांमधून जातात. एक करार वाचायला शिकलात की दुसरा वाचता येतो.

वाचायचा कसा? माहितीचा अधिकार कायदा, २००५. त्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येत करार आणि अहवाल स्पष्टपणे नमूद आहेत. त्याच कायद्याने तुम्हाला कामाची आणि कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा, टिपणं घेण्याचाही हक्क दिला आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. ‘प्रकल्पाची माहिती द्या’ असा मोघम अर्ज करू नका. सल्लागाराचा करार, कार्यकक्षा, देयकांचं वेळापत्रक आणि सर्वेक्षणाचे मूळ तक्ते, असं नेमकं मागा. निविदा संकेतस्थळावर आली की तेव्हाच वाचा आणि लेखी सूचना द्या. तुमच्या नगरसेवकाकडे जाताना भावना घेऊन जरूर जा, पण हातात कराराचं पान असू द्या.

आणि एक विनंती अभियांत्रिकी, वास्तुकला, समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना. या खोल्यांमध्ये आपल्यातले लोक फार कमी दिसतात. सर्वेक्षक व्हा, नियोजनकार व्हा, महापालिकेत करार सांभाळणाऱ्या जागेवर बसा. तिथे बसून आपल्या वस्तीला झुकतं माप द्यायचं नाही. पहाटे पाच वाजता रस्त्यावर असणारा माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो, तो मोजला जाईल एवढं पाहायचं.

पुढच्या टप्प्याची कार्यकक्षा लिहिण्याची वेळ आली, तेव्हा मी मोजणीच्या कलमात ‘पहाटे ४.३० ते ८’ एवढे शब्द घातले. कंपनीने कुरकुर केली, वाढीव दर मागितला. मी पहिला हप्ता मोजणीचे तक्ते येईपर्यंत रोखून धरला. वस्तीतून जाणाऱ्या त्या टप्प्याची पुन्हा मोजणी झाली. नव्या अहवालात ‘नगण्य’ हा शब्द राहिला नाही आणि तो टप्पा परत आराखड्यात आला.

तुमच्या शहरात असा एखादा मार्ग आखला जात असेल, तर या आठवड्यात एकच करा. त्या सर्वेक्षणाची मोजणी किती वाजता झाली, ते विचारा.