तळघरातली आगगाडी



खेळण्यातली आगगाडी तुम्ही पाहिलीच असेल. किल्ली दिली की गोल रुळावरून गाडी गरगर फिरते. पहिल्या दिवशी घरातले सगळे जमतात. दुसऱ्या दिवशी आपण एकटेच खेळतो. आठव्या दिवशी गाडी कपाटावर जाऊन बसते, ती बसतेच! असे का होते, सांगा पाहू? गाडी वाईट असते म्हणून नव्हे. त्या बिचारीला कुठे जायचेच नसते, म्हणून!

आज मी तुम्हांला अशा गाड्यांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांना रोज कुठेतरी जायचे असे. आणि ही सगळी रेल्वे होती एका घराच्या तळघरात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मॉन्टेरे नावाचे गाव आहे. तिथे जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ राहत. छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय आणि छोट्या आगगाड्या हा छंद. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पहिली रेल्वे मांडली, ती जेमतेम एका माणसाच्या पलंगाएवढी. पुढे ते नव्या घरी गेले. तिथल्या तळघरात त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले आणि डोंगर, दऱ्या, पूल, बंदर, गावे उभी केली. काही ठिकाणी दरी जमिनीपासून सुरू होई आणि डोंगर पाहणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जाई. ती पहिली छोटी रेल्वे मात्र त्यांनी मोडली नाही बरं का! मोठीच्या पोटात तिला तशीच सामावून घेतली.

अ‍ॅलन होते मोठे मिस्कील. रेल्वेचे नाव त्यांनी ठेवले ‘गॉरी अँड डिफीटेड’. ऐकायला दोन गावांची नावे वाटतात, पण इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’! डबे ओढायला त्यांच्याकडे इंजिनांबरोबर एक डायनोसॉरही होता. पाठीवर तकट्या असलेला स्टेगोसॉरस. त्याचे, म्हणजे तिचे, नाव एम्मा. जागा कमी पडली तिथे त्यांनी आरसे अशा खुबीने बसवले, की रस्ता लांबवर गेल्यासारखा दिसे. आणि नवी कोरी इंजिने ते रंगाने मुद्दाम मळकट करीत. खरे इंजिन कधी चकचकीत असते का?

आता थोडे गणित. घाबरू नका, हे मजेचे आहे. अ‍ॅलन यांच्या रेल्वेचे प्रमाण होते १ : ८७. म्हणजे प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही हे गणित केले. १३० सेंटिमीटर उंचीचा मुलगा या जगात दीड सेंटिमीटरचा होतो! आपल्या गाडीचा जुन्या पद्धतीचा निळा डबा साधारण २१ मीटर लांब असतो. तो होईल २४ सेंटिमीटरचा. म्हणजे अठरा डब्यांची गाडी झाली चार मीटरांहून लांब. बैठकीच्या खोलीत ती उभी राहील, पण चालणार कुठे? मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग याच प्रमाणात केला, तर तो भरेल २ किलोमीटरांच्या वर. इतके मोठे घर कुणाचे आहे? म्हणून छंदवाले डबे कमी जोडतात, गावे जवळजवळ आणतात. अंतर कमी झाले, की एका स्टेशनाहून दुसऱ्याला गाडी मिनिटात पोहोचते. मग वेळापत्रकाचे काय? त्यावरही युक्ती आहे. तिथले घड्याळ खऱ्यापेक्षा जोरात पळवतात!

या गाड्या चालतात कशा? रुळांमधूनच वीज वाहते. एका रुळातून ती येते, चाकांतून इंजिनाच्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत फिरते. वीज साधारण १२ व्होल्टची, म्हणजे घरातल्या विजेपेक्षा पुष्कळच सौम्य. प्रवाहाची दिशा उलटी केली, की गाडी मागे येते. पण एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर? बटण दाबताच दोन्ही पळू लागतील. म्हणून रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण देत. आता प्रत्येक इंजिनात एक छोटी चकती बसवता येते. तिला स्वतःचा क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक पुकाराल, तेच इंजिन हलते. अगदी वर्गातल्या हजेरीसारखे!

पण अ‍ॅलन यांचे खरे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत वाटते. त्यांची रेल्वे एकट्याने चालवण्यासारखी नव्हतीच. ठरल्या दिवशी मित्र जमत. कुणी मालगाडीचा ड्रायव्हर होई, कुणी यार्ड सांभाळी. या गावच्या वाघिणी त्या गावी पोहोचवायच्या, रिकाम्या परत आणायच्या, आणि तेही वेळापत्रक सांभाळून. समोरून गाडी येत असेल, तर आपण बाजूच्या रुळावर थांबायचे. एकाने घाई केली, की सगळ्यांची गाडी अडायची. म्हणजे प्रत्येक गाडीला काम होते आणि प्रत्येक माणसालाही.

आता पुढचे ऐका. ६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन वारले. त्यानंतर दहाच दिवसांनी त्या घराला आग लागली आणि एवढ्या वर्षांचे काम जळून गेले. डोंगर गेले, पूल गेले, सारे गेले.

हे सांगितले तेव्हा वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, मग ते सगळे फुकटच गेले ना?”

प्रश्न सोपा नाही. मी तिला म्हटले, काय उरले ते आपण मोजू. एक, त्यांनी काढलेली छायाचित्रे उरली. १९८१ साली त्यांच्यावर एक मोठे पुस्तक निघाले, ते आजही छंदवाले वाचतात. दोन, जुनाट रंग देणे, आरसे लावणे, घड्याळ पळवणे या युक्त्या त्यांचे पाहून कितीतरी जणांनी आपापल्या घरी वापरल्या. आणि तीन, ज्यांनी ती गाडी चालवली, त्यांच्या मनातले आनंदाचे दिवस. ते आगीला कसे सापडणार? आपण दिवाळीत किल्ला करतो. तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतो का? तरी पुन्हा चिखलात हात घालतोच ना!

आता तुमची पाळी. रूळ नकोत, वीज नको, पैसे नकोत. आठ रिकाम्या काडेपेट्या, एक खोडरबर आणि एक खडू आणा. डबे मागेपुढे करून जोडण्याला शंटिंग म्हणतात. अ‍ॅलन यांनी शंटिंगचे एक कोडे तयार केले होते. ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्याच जातीचे, पण मांडायला सोपे कोडे इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांचे आहे. ते असे :

फरशीवर एक रेघ काढा आणि पुढे तिला तीन फाटे फोडा. एका फाट्यावर पाच पेट्या मावाव्यात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. सुरुवातीच्या रेघेवर खोडरबराचे इंजिन आणि तीन पेट्या मावाव्यात, जास्त नाहीत. पेट्यांना १ ते ८ क्रमांक द्या. पाच पेट्या लांब फाट्यावर आणि तीन एका आखूड फाट्यावर उभ्या करा. आता आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघतील, त्याच क्रमाने लांब फाट्यावर गाडी लागली पाहिजे. नियम एकच : पेटी उचलायची नाही! इंजिनाने ओढायची किंवा ढकलायची. किती चालींत जमले, ते वहीत लिहा. मग भावंडांना खेळायला द्या आणि कुणाच्या चाली कमी होतात ते पाहा.

आणि हो, हे कोडे एकदा सुटले म्हणजे संपले असे नाही. ते ६७२० वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडता येते. हा आकडा कसा आला, ते तुम्हीच शोधा. पहिल्या जागी आठांपैकी कुणीही बसेल, दुसऱ्या जागी उरलेल्या सातांपैकी... पुढचे तुम्ही करा.

आई-बाबांना एक विनंती. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ १९९८ साली भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू केले, तेही छंदातूनच. मुलांना ते जरूर दाखवा. पण घरी आल्यावर एक कोपराही द्या, जिथली मांडणी रात्री झाडताना कुणी उचलणार नाही. अर्धवट काम सकाळी जागच्या जागी सापडले, तरच मूल ते पुढे नेते. अ‍ॅलन यांचे तळघरही एका दिवसात भरले नव्हते. सुरुवात पलंगाएवढ्या जागेतच झाली होती.

चला तर मग, काडेपेट्या गोळा करा. फक्त आधी आईला विचारा, काड्या कुठे ठेवायच्या ते!