पट्टा की साखळी? गॅरेजवाल्यांनी हिशेब मांडावा

मोटारीच्या इंजिनात टायमिंगला साखळी चांगली की पट्टा, हा वाद गॅरेजच्या बाकड्यावर चहाबरोबर रोज रंगतो. जुने मिस्त्री साखळीच्या बाजूने बोलतात. त्यांचे हात प्रीमियर पद्मिनीवर बसलेले. तिच्या इंजिनात साखळी होती, आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती गाडी २०२३ पर्यंत चालविली. पण आमच्या मते हा वाद भलत्याच जागी घातला जातो.

दोघांचे काम एकच. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ गाडीत दातेरी रबरी पट्टा आणला. हलका, स्वस्त आणि बिनआवाजी म्हणून तो जगभर पसरला. मारुती ८००, पहिली सँट्रो, इंडिका डिझेल, इनोव्हाचे जुने अडीच लिटर डिझेल, या साऱ्या पट्ट्याच्याच गाड्या.

पट्ट्याचा मोठा दोष हा की तो बहुधा सांगून तुटत नाही. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याची रोजी तितके दिवस बंद. कंपनीच्या पुस्तकात मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते. उभ्या गाडीचेही रबर म्हातारे होते, हे गिऱ्हाइकाला पटवून देणे मिस्त्रीचेच काम.

इथे आपल्या काही बांधवांचे वागणे आम्हाला खटकते. गिऱ्हाईक घासाघीस करते म्हणून नुसता पट्टा बदलायचा आणि टेन्शनर, आयडलर जुनेच ठेवायचे. टेन्शनरची बेअरिंग जाम झाली की नवा पट्टाही गेलाच. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदलावा. खोलण्याची मजुरी एकदाच पडते. नकली पट्ट्यावर दुकानदाराला चार पैसे जास्त सुटतात खरे, पण नाव जाते ते मिस्त्रीचे.

साखळी ‘आयुष्यभराची’ म्हणून खपते. कोणाचे आयुष्य, ते कोणी सांगत नाही! पिना झिजल्या की साखळी लांबते. तिचा टेन्शनर बहुधा तेलाच्या दाबावर चालतो, म्हणून तेल बदलायला चालढकल केली की दोघांवर परिणाम होतो. स्विफ्ट डिझेल आणि इंडिका व्हिस्टामधले फियाटचे १.३ मल्टीजेट साखळीचेच. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड आली तर ती ‘डिझेलचा आवाज’ म्हणून सोडून देऊ नये. साखळी निदान आधी बोलते तरी, हा तिचा गुण.

आता तिसरा प्रकार आला आहे, तेलात भिजत चालणारा पट्टा. इकोस्पोर्टमधले फोर्डचे १ लिटर इकोबूस्ट हे त्याचे उदाहरण. चुकीचे तेल घातले किंवा बदलायला उशीर केला तर हा पट्टा झिजून त्याचा चुरा तेलपंपाच्या जाळीत अडकतो, आणि दाब गेला की सगळे इंजिनच धोक्यात. अशा गाडीत पिंपातले सुटे तेल ओतणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ओतावे.

काम झाले की तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवावी, त्याची नोंद गॅरेजच्या वहीत ठेवावी. आणि गिऱ्हाइकाने टेन्शनर नको म्हटले तर तेही बिलावर लिहून त्याची सही घ्यावी.