रात्र थोडी, सोंगे फार

दिवाळीच्या अंकात अंधाराबद्दल लिहिणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. मुखपृष्ठावर पणत्या, आत फराळाच्या कृती आणि शेवटी राशिभविष्य, अशा शेजारात रातपाळीचा विषय घेऊन बसणारा लेखक वाचकांना अरसिकच वाटणार. पण दिव्याने माणसाचे कल्याण केले, असे आपण दरवर्षी म्हणतो. त्याच दिव्याने कोणाकोणाची झोप नेली, याचा हिशेब एकदा मांडायला काय हरकत आहे? वह्यांची पूजा तरी आपण दुसरे कशासाठी करतो?

विजेचा दिवा येण्यापूर्वी गिरणीमालक कितीही लोभी असला, तरी सूर्य त्याचा हात धरीत असे. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि तो धाक संपला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली आठवड्याची सुट्टी पदरात पडली होती खरी, पण उरलेल्या सहा दिवसांना ना आदि ना अंत! पुढे 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घातली. 1922 साली ते अकरा झाले, 1934 साली बारमाही कारखान्यांत दहा, आणि 1946 साली नऊ. म्हणजे एकेक तास कमी करायला अकरा, बारा आणि पुन्हा बारा वर्षे लागली. इतक्या महागाचा माल मुंबईच्या बाजारात दुसरा नसेल.

मात्र या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट निसटली. कायद्याने तास मोजले, पण ते तास उजेडाचे की काळोखाचे, हे पुरुषाच्या बाबतीत फारसे कोणी विचारले नाही. आठ तास ते आठ तास, असा सरळ हिशेब! गिरणगावात एकेका खोलीत इतकी माणसे राहत, की रातपाळीचा गडी सकाळी येऊन पडे तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे. जागेचा प्रश्न त्याने कसाबसा सुटे. झोपेचा कसा सुटणार? बाहेर नळावर भांडण, आत स्टोव्हची घरघर, आणि त्यातच या गृहस्थाने डोक्यावर चादर ओढून रात्र झाली असे समजायचे!

समजून मन एक वेळ फसेल, शरीर फसत नाही. हे पहिल्यांदा दाखवले ते आपल्या ओळखीच्या लाजाळूच्या वर्गातल्या एका झाडाने. 1729 साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोप अंधारात ठेवले. उजेड मुळीच नसतानाही त्याची पाने ठरलेल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे घड्याळ आकाशात आहे तसेच झाडातही आहे. 1962 साली मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञ घड्याळ न घेता एका गुहेत दोन महिने एकटा राहिला. बाहेर आला तेव्हा सप्टेंबरचा मध्य उलटत होता, आणि त्याच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे अजून ऑगस्टच चालू होता. मनाचा हिशेब असा पार कोलमडला. पण त्याचे झोपणे-उठणे मात्र साधारण चोवीस तासांच्या फेऱ्यातच फिरत होते. या घड्याळाची चक्रे पेशींतल्या जनुकांत कशी बसवलेली आहेत, हे फळमाशीवर प्रयोग करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या नाक्यावर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो या घड्याळाचा हेडक्लार्क समजा. डोळ्यांवाटे आलेल्या उजेडावरून तो रोज आपली वेळ लावून घेतो आणि यकृत, हृदय, आतडी अशा साऱ्या खात्यांना हुकूम सोडतो. रात्री खाल्लेल्या अन्नाने रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण ते खाते त्या वेळी बंद असते. पहाटे चारच्या आसपास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि लक्षही सर्वांत मंद होते. रातपाळीचा माणूस सकाळी घरी निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर ऊन पडते, आणि हेडक्लार्क पुन्हा 'दिवस उजाडला' असा शेरा मारतो. 'होईल सवय' असे जे आपण म्हणतो, ते म्हणूनच बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरत नाही. वर्षे जातात, माणूस निभावून नेतो, पण शरीर राजीनामा खिशात घालूनच कामावर येते.

याची किंमत किती? पाळ्यांत काम करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात घातले आणि 2019 साली पुन्हा तपासून तेच कायम केले. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग जडेल असा नव्हे. पुरावा निर्णायक नाही, पण डोळ्यांआड करण्यासारखाही नाही. आणि दंड केवळ कामगारच भरतो असे नाही. भोपाळची वायुगळती 1984 च्या डिसेंबरातल्या मध्यरात्रीची, चेर्नोबिलचा स्फोट 1986 च्या एप्रिलातला, रात्री दीड वाजण्याच्या आतला. दोन्हींची मूळ कारणे वेगळी होती, यंत्रांतली आणि कारभारातली. पण संकट ओळखायचे आणि आवरायचे काम ज्या माणसांवर आले, त्यांच्यावर ते कोणत्या प्रहरी आले, हे विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, आता हे रडगाणे कशाला? गिरण्या गेल्या हे खरे. 1982 च्या संपानंतर त्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. पण परळच्या त्याच जमिनीवर आज काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या दिसतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेनऊ-साडेदहा तास, तेव्हा तिकडचा ग्राहक सकाळी जागा झाला की इकडच्या मुलाने संध्याकाळनंतर ताजेतवाने होऊन 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. त्याच इमारतीच्या दारात बारा तासांची पाळी करणारा पहारेकरी बसलेला असतो. साच्यावरचा गडी खुर्चीवर आला, एवढाच काय तो फरक.

आणि स्त्रिया? 1948 च्या कायद्याने कारखान्यातल्या स्त्रीला संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करण्यास मनाई केली. पण त्याच वर्षी इस्पितळातली परिचारिका रात्रभर उभीच होती. तिची काळजी कोणाला वाटली नाही, कारण तिच्यावाचून आपले अडत होते. पुढे बंदी सैल होत गेली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीची संमती, संरक्षण आणि वाहन अशा अटींवर रात्रीचे काम मोकळे केले. ते योग्यच झाले. पोट भरण्याचा हक्क सूर्यास्ताला संपू नये. पण रातपाळी करून आलेला पुरुष सकाळी झोपतो, आणि रातपाळी करून आलेली स्त्री आधी डबे भरते आणि मग, वेळ उरलाच तर, झोपते. वाहन तिला दारापर्यंत सोडते. दाराच्या आतला प्रश्न कोणत्या कायद्याने सुटावा?

रातपाळी बंद करा, असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. आजारपण घड्याळ पाहून येत नाही. आगगाडी, वीज, पाणी, दूध आणि सकाळचे वर्तमानपत्र यांच्यासाठी कोणाला तरी जागावेच लागते. पण रात्री साडेबारा वाजता बटाट्याचे वेफर्स दहा मिनिटांत दारात आले नाहीत, तर कोणाचा जीव जातो? मागवायला आपल्याला एक बोट पुरते. आणायला एक माणूस झोपेतून उठतो, किंवा झोपतच नाही. गरजेची रात्र आणि चैनीची रात्र यांत भेद करायला आपण शिकलो, तरी पुष्कळ काम होईल.

आणि जिथे जागणे अटळ आहे, तिथे त्याचे मोल नुसते पैशांत चुकवू नये. भत्त्याच्या नोटांनी औषधे येतात, झोप येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1990 च्या रातपाळीविषयक करारात मोबदल्याचे प्रकार सांगताना वेतनाबरोबर कामाच्या वेळेचाही उल्लेख आहे, आणि मोफत आरोग्य तपासणीचा हक्कही आहे. मला त्यातला वेळेचा मोबदला अधिक न्याय्य वाटतो. रात्रीची पाळी दिवसाच्या पाळीपेक्षा तास-दीड तासाने आखूड असावी, पगार न कापता. पाळ्या बदलायच्याच तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने बदलाव्यात, कारण शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित सावकाश चालते आणि पुढे सरकायला ते कमी कुरकुरते. दोन पाळ्यांमध्ये घरी जाऊन पोटभर झोपता येईल इतके अंतर असावे. मध्यरात्रीनंतर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी हा गुन्हा न मानता कामाचा भाग मानावा. पेंगलेल्या पहारेकऱ्याचे छायाचित्र काढून सोसायटीच्या चिटणीसांना पाठवणारे सभासद ठिकठिकाणी असतात; ते स्वतः त्या वेळी केवळ पाणी प्यायला उठलेले असतात.

आपल्याकडे जागरणे होती, नाही असे नाही. कोजागरी होती, गोंधळ होता, सप्त्यातली भजने होती. पण ती आपल्या मर्जीची आणि मोजक्या रात्रींची. कोजागरी रोज आली असती तर चंद्रालाही कोणी नमस्कार केला नसता.

मागच्या पिढ्यांनी दहा-बारा वर्षे झगडून एकेक तास कमी करून घेतला. आता ज्याच्यासाठी झगडायचे तो तास रात्रीचा आहे.