आयपीची रेंज ब्लॉक करून ठग थांबत नसतात

नाखवा मंडळी, ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अमुक अॅप टाका, त्यात परदेशातल्या आयपी अॅड्रेसच्या रेंज भरा, फसवणुकीचे कॉल कायमचे बंद. आमचं मत स्पष्ट आहे: या भानगडीत पडू नका.

ग्वाल्हेरचं बघा. मार्च 2025 मध्ये तिथल्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना फोन आला. बोलणारा म्हणे नाशिक पोलिसांतला! 26 दिवस 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवून 2 कोटी 52 लाख उकळले. त्याच्या थोडं आधी ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या एका इन्स्पेक्टरला मुंबई पोलिसांच्या नावानं महिनाभर अडकवलं, 71 लाख गेले. वर्दीतला माणूस तो. यात कुठली रेंज अडवणार होतात?

साध्या सिमवरच्या कॉलला हे अॅप हातच लावू शकत नाही. व्हॉट्सअॅपची रिंग येते ती कंपनीच्या सर्व्हरमधून. तो अडवला तर ठगाबरोबर घरच्यांचाही कॉल बंद. शिवाय ठग व्हीपीएन लावून घटकेत दुसऱ्या देशाचा पत्ता घेतो. एका रेंजमध्ये 65,536 पत्तेसुद्धा असू शकतात, आणि मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं बसवतात. म्हणजे बारीक आसाचं जाळं झालं हे. पिल्लं सगळी अडकणार, मोठा मासा बाजूनं निघून जाणार. उद्या बँकेचं अॅप उघडलं नाही किंवा इन्कॉइसचा लाटांचा इशारा पोचला नाही, तर कोणाला विचारणार?

आणखी एक. असलं अॅप बहुतेक वेळा व्हीपीएनची परवानगी मागतं. ती दिली की फोनचं सगळं नेट त्याच्या हातून जातं. अनोळखी माणसाच्या हाती सुकाणू देता का कधी?

अडवायचं काम वर व्हायला हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये दूरसंचार खात्यानं परदेशातून येऊन +91 दाखवणारे खोटे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली, पहिल्या 24 तासांत 1 कोटी 35 लाख कॉल थांबले. हे काम तांडेलानं जाळं सोडून मोबाईलवर करत बसायचं नाही.

आपण करायचं ते थोडं आहे. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत, कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. नव्या व्यापाऱ्याचा कॉल वाजणार नाही हे खरं, पण यादीत दिसेल, मग आपण फिरवावा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 लावा. उशीर झाला की पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात.

डिझेल परताव्याचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याचा ओटीपी सोसायटी कधीही मागत नाही. ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांनी फोन घेऊन ऑफिसात यावं, आम्ही करून देऊ.