तंबाखूचा वास, परफ्यूमच्या बाटलीत

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण नाक पक्कं आहे!

गेल्या दिवाळीत मॉलमध्ये टॉम फोर्डचा 'टोबॅको व्हॅनिल' हुंगला. २००७ साली आलेला हा परफ्यूम. किंमत ऐकून टेस्टर गुपचूप जागेवर ठेवला. पण वास मनगटावर राहिला आणि एकदम आजोबांची चंची आठवली.

गंमत म्हणजे हा वास धुराचा नसतोच. तंबाखूचं पान वाळवून मुरवलं की त्याला मध, सुकं गवत, मनुका असा गोडसर वास येतो. परफ्यूमवाले नेमका तोच पकडतात. टोंका बियांमधलं कुमारिन त्याला साथ देतं. १९१९ मध्ये पॅरिसच्या कॅरोनने 'ताबा ब्लाँ' काढला, तेव्हा बायकांनी सिगारेट ओढणं ही नवी फॅशन होती. म्हणजे शंभर वर्षांपासून हा वास ऐटीचाच!

आमच्या घरात मात्र त्यात ऐट नाही. आजोबा तळहातावर तंबाखू-चुना मळायचे. तोंडाच्या कॅन्सरने गेले.

माझं मत विचाराल तर वासाचा काही गुन्हा नाही. आवडला तर खुशाल लावा. पण सबमिशनच्या रात्री 'जागं राहायला' म्हणून पुडी फाडणाऱ्या आपल्या हॉस्टेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की बाटलीत फक्त वास आहे, पुडीत बाकीचं सगळं आहे.

त्या दिवशी घरी जाण्याआधी मनगट साबणाने दोनदा धुतलं. तरी आईला कळलंच. ती काही बोलली नाही, नुसती खिडकी उघडली.