सणासाठी कुंडीत काय लावाल?

“गॅलरी चार फूट बाय सहा फूट. गणपतीत घरी दहा-बारा पाने होतात. एवढ्याशा जागेत पिकून पिकून काय पिकणार?” असे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. दहा माणसांची फ्लॉवरची, कोबीची किंवा वांग्याची भाजी गॅलरीत पिकवायच्या फंदात पडू नका. तेवढी जागा नाही, तेवढे ऊनही नाही. कुंडीकडे मागायचे ते पान. कोथिंबीर, मेथी, शेपू, अळू, हळदीचे पान, पुदिना, आणि ऊन असेल तर मिरची व थोडी भेंडी. सणाच्या आठवड्यात नेमके हेच बाजारात महागते, आणि नोकरी करून संध्याकाळी सात वाजता भाजीवाल्याकडे पोचणाऱ्या बाईच्या वाट्याला नेमके हेच मान टाकलेले येते.

दुसरे असे, की कुंडीतले पीक सणाला तयार व्हायला हवे. आठ दिवस आधी नाही की नंतर नाही. त्यासाठी आपल्याला इंग्रजी महिने फारसे उपयोगी नाहीत. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. “ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरा” असे छापील उत्तर दिले, तर एका वर्षी ते बरोबर आणि दुसऱ्या वर्षी फसगत. म्हणून भिंतीवरचे कालनिर्णय काढा आणि तिथीने मोजा. आपले सण आपापसात ठरावीक अंतरावर येतात, तेव्हा एक सण पेरणीचा आणि पुढचा खुडणीचा धरायचा.

सुरुवात अक्षय्य तृतीयेपासून. त्या सुमारास हळदीचे कोंभ फुटलेले गड्डे कुंडीत दोन-तीन इंच खोल पुरायचे. नागपंचमीपर्यंत साधारण तीन महिने मिळतात आणि पाने हातभर होतात. मोदकांच्या चाळणीत घालायला दोन पाने लागतात, त्याला एक कुंडी पुष्कळ. पण कोकणातल्यासारख्या पातोळ्या करायच्या असतील तर एका पातोळीला एक पान धरा आणि चार कुंड्या लावा. (गोव्यात ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या सणाला पातोळ्या होतात, तेव्हा हळदीच्या पानाला दोन्हीकडे मागणी!) पाने काढताना प्रत्येक कोंभाची बाहेरची एक-दोनच घ्यावीत. सगळी ओरबाडली की खाली गड्डा पोसत नाही.

मिरचीचे बीही अक्षय्य तृतीयेलाच टाकावे. पाच-सहा आठवड्यांनी रोपे मोठ्या कुंडीत लावली, की गणपतीच्या सुमारास पहिल्या मिरच्या धरतात. हे जमले नाही तर मृगात नर्सरीतून रोपे आणावीत, त्यात काही कमीपणा नाही.

अळू मृगाचा पाऊस पडला की लावायचे. बाजारात भाजीला मिळणाऱ्या अळकुड्यांतल्या डोळे फुटलेल्या निवडून लावल्या तरी चालतात; पण वडीसाठी काळ्या देठाचे अळू हवे असेल, तर ज्यांच्या घरी ते आहे त्यांच्याकडून कांदा मागून आणणेच बरे. आणि एक गोष्ट बजावून सांगते. ठिपक्यांचे, लाल-गुलाबी पानांचे शोभेचे अळू मिळते, ते खायचे नसते. ते खाण्याच्या अळूशेजारी ठेवूच नका. घाईत पाने खुडायला मुलाला पाठवले तर गोंधळ व्हायचा.

अळूचा हिशेब मात्र करावा लागतो. पावसाळ्यात एका कांद्याला साधारण आठ-दहा दिवसांनी नवे पान येते. पाच-सहा माणसांच्या पातळ भाजीला दहा-बारा पाने लागतात. म्हणजे दोन टबांत मिळून सहा कांदे लावावेत आणि चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस एकही पान तोडू नये. मग प्रत्येक कांद्याची बाहेरची दोन पाने घेतली तरी आतला कोंभ आणि एक-दोन पाने राहतात. ती राहायलाच हवीत, कारण गणपती संपले की पितृपक्ष येतो आणि श्राद्धाच्या पानावर अळूवडी लागते. गौरीच्या जेवणात सगळे अळू कापून मोकळ्या झालेल्या बायका मग मंडईत दुप्पट भाव देतात.

आता आषाढ. आषाढी एकादशीला भेंडीचे बी लावले तर ऋषिपंचमीपर्यंत बावन्न-त्रेपन्न दिवस मिळतात. भेंडीला पहिले फळ पंचेचाळीस-पन्नास दिवसांत येते, म्हणजे बेताचे जमते. गुरुपौर्णिमेला कोथिंबीर. तिला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, त्यातले आठ-दहा नुसते उगवण्यातच जातात. दिव्याच्या अवसेला शेपू, कारण कित्येक घरी गौरी आल्या की पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो आणि शेपूला पाच-सहा आठवडे पुरतात. राहिली मेथी आणि लाल माठ. त्यांना चार आठवडे लागतात, म्हणजे पेरणी येते बरोबर नागपंचमीला. पण त्या दिवशी चिरायचे नाही, माती उकरायची नाही अशी आपली रीत. म्हणून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेरा. एका दिवसाने मेथीचे काही बिघडत नाही आणि घरातल्या मोठ्या माणसांचेही मन राहते.

या हिशेबात एकच अडचण येते ती अधिक महिन्याची. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला पेरलेली कोथिंबीर गणपतीपर्यंत फुलून धने धरण्याच्या बेतात आली असेल. अधिक महिना मध्ये आला की त्याचे दिवस धरून पेरणी तेवढी पुढे ढकलायची. २०२६ सालचा अधिक महिना ज्येष्ठाचा, म्हणजे तो हळद-मिरचीला महिनाभर जादा देतो. आषाढापासून पुढचे गणित जसेच्या तसे.

ऋषिपंचमीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हा नेम. नांगरलेल्या शेतातले धान्य नाही, भाजी नाही. अळू, माठाचे देठ, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, चुका किंवा अंबाडी अशी मिसळीची भाजी, कित्येक घरी तेलाच्या थेंबाशिवाय शिजवलेली. परसातच हे सगळे पिकत होते तेव्हा नेम पाळणे सोपे होते. आज आपण मंडईतून “ऋषीची भाजी” म्हणून चिरलेली पाकिटे आणतो. ती कोणाच्या शेतातली, कशी पिकवली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग नेमाचे काय उरले? मला तर वाटते, या व्रताच्या अटीत आजच्या घडीला खरी बसते ती कुंडीतलीच भाजी. तिला ना बैल लागला ना नांगर. आपल्याच हाताने माती घातली, पाणी घातले. सगळी भाजी घरची होणार नाही. पण अळू, माठ, चार भेंड्या आणि मिरच्या घरच्या असल्या, तर सुरण-भोपळा बाहेरून आणला म्हणून ऋषी रागावणार नाहीत.

पडवळ आणि शिराळे मुद्दाम वर घेतले नाहीत. त्यांना मांडव लागतो, खोल टब लागतो. शिवाय चौथ्या-पाचव्या मजल्यावर फुले भरपूर येतात, पण कीटक पोचत नाहीत आणि फळ धरत नाही. शिराळ्याचे फूल संध्याकाळी उमलते, पडवळाचे रात्री. तेव्हा नर फूल खुडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचे. (मादी फुलाखाली देठाशी बारीकसे फळ असते, त्यावरून ओळखा.) हौस असेल त्यांनी करावे. भेंडी-मिरचीला हे काही लागत नाही.

ऊन कुठले येते ते मात्र आधी बघा. भेंडी-मिरचीला निदान सहा तास ऊन हवे. पूर्वेच्या गॅलरीत तीन-चार तास मिळतात, तिथे पालेभाज्या बऱ्या येतात. उत्तरेच्या गॅलरीत अळू, हळद आणि गवती चहा यांवरच समाधान मानावे. पुदिन्यालाही थोडी सावली चालते. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दीड आठवड्यात मुळे फुटतात. तो वेगळ्या भांड्यातच लावा, नाहीतर शेजारच्याला जगू देत नाही.

भांडी विकत आणायची गरज नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, फळांचे खोके, काहीही चालते. मेथी-माठाला सहा इंच खोली पुरते, भेंडी-मिरचीला फूटभर हवी. तळाला भोके पाडायला विसरू नका. माती भरताना सगळी मातीच भरू नका. पंचवीस लिटरच्या टबात नुसती ओली माती घातली तर तो तीस-पस्तीस किलोचा होतो, आणि असे आठ टब कठड्याशी रांगेने मांडले तर गॅलरीवर किती ओझे पडेल ते तुम्हीच बघा. तळाला नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, वर शेणखत मिसळलेली माती. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यातून आणि थोडक्या मातीत कसे पिकवावे हे कितीतरी लोकांना पटवून दिले. टब भिंतीच्या बाजूला आणि विटांवर ठेवा, म्हणजे फरशी कोरडी राहते. खालच्या मजल्यावर पाणी गळल्यावरून सोसायटीत होणारी भांडणे आपल्याला नवीन नाहीत.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाकाव्यात. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डासांची नवी फौज तयार होते. गौरी-गणपतीत घरात तापाचा रोगी नको.

बियांबद्दल थोडे. मेथी आणि धने डब्यातले चालतात, पण जुने नकोत. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मेथीचे दोन-तीन दिवसांत आणि धन्याचे आठवडा-दीड आठवड्यात सात-आठ मोडले तर बी चांगले. धने पोळपाटावर लाटणे हलके फिरवून दोन फाकी करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. पाकिटातले गुलाबी-निळे रंगवलेले बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि उरले म्हणून डाळ-धान्याच्या डब्याजवळ तर अजिबात ठेवू नका.

श्रावणातल्या मोठ्या सरीत कोथिंबीर झोपते आणि कुजते. तिचे खोके छज्जाखाली ठेवावे आणि एकदम सगळी न पेरता आठ-आठ दिवसांनी तीनदा पेरावी, म्हणजे चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत पुरते. उपटू नये, बोटभर ठेवून कात्रीने कापावी. मिरची-भेंडीवर मावा आला तर पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवावी, नाहीच हटला तर निंबोळी तेलाचे दोन-चार थेंब साबणाच्या पाण्यात घालून फवारावे. बाजारचे जहाल औषध घरच्या पालेभाजीवर मारायचे असेल, तर मग मंडईच काय वाईट?

खुडणी सकाळी लवकर. पाला ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवला की दुपारच्या स्वयंपाकापर्यंत टवटवीत राहतो. अळू चिरताना हाताला तेल लावावे आणि शिजवताना चिंच किंवा आंबट चुका घालायला विसरू नये. चांगल्या जातीचे अळूही कधी कधी खाजते.

विसर्जनानंतर मेथी-शेपूची खोकी रिकामी होतात. निर्माल्यातली फुले-पत्री दोरे काढून त्यांच्याच तळाला घाला. कोजागिरीच्या सुमारास फूटभर खोल डब्यात गाजराचे बी टाकले तर भोगीच्या भाजीला घरची बोटभर गाजरे मिळतात. हळदीची पाने थंडी सरता सरता पिवळी पडून वाळू लागली की पाणी बंद करावे आणि माघात कुंडी उपडी करून गड्डे काढावेत. लोणच्याला लागतील तेवढे घ्या आणि डोळे असलेले चार-पाच जाड गड्डे कोरड्या वाळूत घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पुढच्या अक्षय्य तृतीयेला लागतील.